गंज, पुट्टी आणि पत्रा

'जुने ते सोने' असे आपण सहज म्हणून जातो. वास्तविक पाहता आपल्या घरांतून जे जुने असते ते बहुधा सोने नसून लोखंड असते. सोन्याला गंज चढत नाही. ते सांभाळण्यास एक कुलूप पुरेसे होते. लोखंडाचे तसे नाही. ते नुसते ठेवून दिले तर टिकत नाही. त्याला पुसावे लागते, तेलपाणी करावे लागते, वापरात ठेवावे लागते. कुटुंब, मैत्री, संस्था, किंबहुना आपली श्रद्धासुद्धा लोखंडाच्याच जातीची आहे. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात पृथ्वीवरच्या संपत्तीविषयी सावध करताना कसर आणि गंज ह्यांची नावे घेतली, ती उगाच नव्हे. माणसाच्या हाती आलेली प्रत्येक वस्तू झिजणार, हे आपण जाणतो. परंतु जी अगोदरच गंजली आहे तिचे काय करावे? टाकून द्यावी, की पुन्हा उभी करावी? आणि उभी करायची, तर तिच्यावर किती वेळ आणि किती पैसा खर्च करणे सद्‌विवेकबुद्धीला मान्य व्हावे?

हा प्रश्न आम्हांस शीव येथील एका कॅथलिक कुटुंबाने विचारला. शीव म्हणजे सीमा, वेस. १६६९ ते १६७७ ह्या काळात गव्हर्नर जेरार्ड अँजियर ह्यांच्या कारकिर्दीत येथील टेकडीवर किल्ला उभा राहिला, तेव्हा अलीकडे कंपनी सरकारची मुंबई होती आणि खाडीपलीकडे पोर्तुगिजांची साष्टी. आज त्या वेशीवर स्थानक आहे, मोठे रुग्णालय आहे, पलीकडे धारावी आहे. आणि जुन्या तीन मजली इमारतींच्या मागे, पूर्वीच्या भाडेकरूंनी मोटारी ठेवण्यासाठी घेतलेली लहान लहान गॅरेज अजून कोठे कोठे उरली आहेत. अशाच एका गॅरेजमध्ये एक फियाट उभी आहे. इटलीत तिला लाडाने 'टोपोलिनो', म्हणजे छोटा उंदीर, म्हणत. दांते जिआकोसा ह्या अभियंत्याने रचलेली ही गाडी १९३६ मध्ये प्रथम रस्त्यावर आली. हिची शेवटची आवृत्ती १९४९ ते १९५५ ह्या काळात निघाली. तिचे इंजिन अवघे ५६९ घन सेंटिमीटरांचे आणि साडेसोळा अश्वशक्तीचे. दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूस आणि छप्पर कॅनव्हासचे, मागे गुंडाळून ठेवता येणारे.

ज्या तुरीन शहरात संत डॉन बॉस्को रस्त्यावरच्या मुलांसाठी झिजले, त्याच तुरीनमध्ये फियाट कंपनी १८९९ साली निघाली. मुंबईशी तिचा संबंध जुना आहे. शेठ वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना शीवच्या पुढच्याच स्थानकाला, कुर्ल्याला होता. १९५१ पासून फियाटशी तिचे नाते जुळले, आणि पुढे फियाट अकराशे व प्रीमियर पद्मिनी ह्या गाड्यांनी ह्या शहराच्या दोन पिढ्या वाहून नेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा कित्येक मुंबईकरांना घरातले कोणी गेल्यासारखे वाटले.

आमच्या परिचयाच्या ह्या कुटुंबातील वडील डॉक्टर होते. शीव, धारावी आणि माहीमच्या वस्त्यांतून ते रात्री-अपरात्री ह्याच छोट्या गाडीतून रुग्ण पाहावयास जात. त्यांच्या पश्चात गाडी गॅरेजमध्ये राहिली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी फुगली, आणि त्या दिवशी ही गाडी दारांपर्यंत पाण्यात बुडाली. त्यानंतर तिला कोणी हात लावला नाही. धाकटे चिरंजीव रेल्वेच्या माटुंगा कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी ती पुन्हा उभी करावयास घेतली. थोरले बंधू ठाण्यास असतात. वडिलांच्या जागेवरून दोघांत वितुष्ट आलेले. त्यांचे म्हणणे, भंगारवाल्याला द्यावी आणि पैसे वाटून घ्यावेत. धाकट्यांच्या पत्नीने मात्र वेगळाच प्रश्न आमच्यासमोर ठेवला. त्या म्हणाल्या, "फादर, ह्या पत्र्यावर जेवढे पैसे जाणार आहेत, तेवढ्यात एखाद्या गरीब मुलीचे नर्सिंगचे शिक्षण होईल. मग हे करणे बरोबर आहे का? तुम्हीच सांगा ह्यांना."

प्रश्न एका गाडीचा असला तरी उत्तर साऱ्यांच्या उपयोगी पडण्यासारखे आहे, म्हणून आम्ही तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

गंजाचे स्वरूप

प्रथम गंज म्हणजे काय ते पाहू. लोखंड, हवेतील प्राणवायू आणि पाणी ही तीन एकत्र आली की गंज तयार होतो. खाऱ्या हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. आणि मुंबईला समुद्र, खाडी आणि वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, हे तिन्ही लाभलेले. ॲल्युमिनियमवरही हवेने थर चढतो. परंतु तो घट्ट असल्यामुळे आतील धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज ह्याच्या उलट. तो सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि आतल्या लोखंडाला खात राहतो. शिवाय तो मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून रंगाखाली फुगवटे येतात. गंजलेला पत्रा मूळच्यापेक्षा जाड दिसतो आणि बोट लावताच आत जातो.

संत आगुस्तीन ह्यांनी दुष्टतेविषयी जे प्रतिपादन केले ते सेमिनरीत आम्ही शिकलो होतो. दुष्टता ही स्वतंत्रपणे निर्माण झालेली वस्तू नव्हे, ती चांगल्याची उणीव आहे, असा त्यांचा विचार. गंज पाहिला की हा विचार अधिक स्पष्ट होतो. लोखंड गंजाशिवाय असू शकते. गंज मात्र लोखंडाशिवाय होऊच शकत नाही. तो लोखंडावरच जगतो आणि लोखंड संपले की त्याचेही काम संपते. पापाचेही असेच आहे. वितुष्ट येते ते जेथे प्रेम होते तेथेच. परक्याशी आपले भांडण दोन दिवस टिकते, भावाशी वीस वर्षे. म्हणून एखाद्या घरात गंज दिसला तर आपण निराश न होता असे म्हणावे की, येथे कधीकाळी चांगले लोखंड होते, आणि कदाचित अजूनही असेल.

पुट्टीचा मोह

गाडी खरवडावयास घेतली तेव्हा एक गोष्ट उघडकीस आली. फार पूर्वी कोणी तरी तिला रंग दिला होता आणि रंगाखाली जागोजागी पुट्टी भरलेली होती. बाहेरून हिरवा रंग तुळतुळीत. कानस लावताच आत मुठीएवढे भोक. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या डेंटरने, म्हणजे पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने, ह्याचे कारण समजावून सांगितले. गंजावर पुट्टी भरली की गंज थांबत नाही, तो झाकला जातो. पुट्टी ओल शोषते आणि ती ओल पत्र्याला लागून राहते. बाहेरच्या माणसाला दोन पावसाळे काही कळत नाही. तिसऱ्या पावसाळ्यात पुट्टीचा पोपडा सुटतो आणि सोबत उरलासुरला पत्राही घेऊन जातो.

खरे काम वेगळे असते. जेथवर गंज गेला आहे तेथवरच नव्हे, त्याच्याही थोडे पलीकडे, चकचकीत लोखंड लागेपर्यंत पत्रा कापावा लागतो. मग पुठ्ठ्याचा नमुना करून त्या मापाचा नवा पत्रा घडवितात. तो बसविताना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ झाळ मारीत गेले तर उष्णतेने सबंध पत्रा वाकडा होतो. म्हणून एक टाका येथे, एक तेथे, मध्ये थंड होऊ द्यायचे, असे करीत जातात. त्यानंतर घासणे, रेड ऑक्साइडचा थर, आणि सर्वांत शेवटी रंग. जे लोकांना दिसते ते काम सर्वांत शेवटचे आणि सर्वांत थोडे असते.

प्रायश्चित्त संस्काराची ह्याहून चांगली उपमा आम्हांस सुचत नाही. सद्‌विवेकाची तपासणी म्हणजे खरवडणे, पश्चात्ताप म्हणजे कापणे, निश्चय म्हणजे नवा पत्रा. आपल्यापैकी पुष्कळ जण मात्र पापकबुलीच्या वेळी पुट्टीचा डबा घेऊन येतात. 'फादर, थोडा राग आला होता' एवढ्या एका वाक्याखाली वर्षानुवर्षांचा अबोला दडलेला असतो. प्रभू येशू चुना लावलेल्या कबरींविषयी जे बोलला ते परूश्यांपुरते नव्हते. आमच्या धर्मग्रामांतही सणाला रंग काढलेल्या भिंती आणि आत फुगलेले पत्रे असू शकतात; आम्ही धर्मगुरूही त्याला अपवाद नाही.

तरीही त्या कारागिराची पुढची गोष्ट विचार करण्यासारखी होती. पुट्टी वाईट नव्हे, असे तो म्हणाला. सलग, कोरड्या पत्र्यावर तिचा पातळ हात हवाच. नाहीतर ठोकल्याच्या खुणा दिसत राहतील. पत्रा जेथे नाहीच तेथे ती भरू नये, एवढेच. शिष्टाचार, गोड बोलणे, चारचौघांत सांभाळून घेणे ह्यांनाही हेच लागू पडते. खरे प्रेम असेल तर त्यावर सौजन्याचा पातळ थर शोभून दिसतो. प्रेमाच्या जागी सौजन्य भरले तर तिसरा पावसाळा दूर नसतो. आणि ज्यांना मुलांना वळण लावावयाचे आहे त्यांनी टाक्यांची गोष्टही लक्षात ठेवावी: एकाच वेळी सारे सुधारावयास गेले की उष्णतेने पत्रा वाकतो.

तीच गाडी की दुसरी?

आता एक तात्त्विक शंका उपस्थित होते. तळाचा पत्रा नवा, मडगार्डे नवी, कॅनव्हास नवा, सीटचे कापड नवे. मग ही वडिलांचीच गाडी राहिली असे कसे म्हणावे? प्राचीन ग्रीकांनी हा प्रश्न थीसियसच्या जहाजाविषयी विचारला होता. एकेक फळी बदलत सबंध जहाज नवे झाले, तर ते जुनेच जहाज का? आपल्या भूमीत हाच प्रश्न एका वाहनाविषयीच विचारला गेला. 'मिलिंदपन्ह' ह्या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतात की, आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? राजाला मान्य करावे लागते की ह्यांपैकी कोणतीच एक वस्तू रथ नव्हे. ह्या सर्वांच्या आधाराने 'रथ' हे नाव चालते, एवढेच.

सरकारलाही हा प्रश्न सुटलेला नाही, परंतु त्याने एक सीमा आखून दिली आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' मानली जाते. सांगाडा, बाह्यकाया किंवा इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला असता कामा नये. अशा गाडीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. ती धंद्यासाठी किंवा रोजच्या वापरासाठी चालविता येत नाही. कायदा म्हणतो, कातडी थोडी बदलली तरी चालेल, हाडे तीच असू द्या.

ख्रिस्ती विचार ह्याच्या एक पाऊल पुढे जातो. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ॲरिस्टॉटलचा धागा घेऊन शिकविले की आत्मा हा शरीराचे 'रूप' आहे. शरीरातील द्रव्य बदलत राहते. बाप्तिस्म्याच्या वेळी जे बाळ पाण्याखाली धरले होते आणि सत्तर वर्षांनी ज्याची शवपेटी वेदीसमोर ठेवली, त्यांच्यातील द्रव्य एक नसते, तरी व्यक्ती एकच असते. गाडीला आत्मा नाही, हे आम्ही जाणतो. परंतु गाडीला एक हेतू असतो आणि एक इतिहास असतो. ती कोणासाठी धावली आणि कोणी तिला नावाने ओळखले, ह्यावर तिचे तेच असणे पुष्कळसे अवलंबून आहे.

येथे त्या गॅरेजमधील एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. डाव्या दाराला एक मोठा पोचा होता. वडील एका रात्री धारावीत अडलेल्या बाळंतिणीकडे घाईने निघाले असता दिव्याच्या खांबाला गाडी घासली, त्याची ती खूण. कारागीर तो पोचा ठोकून सपाट करावयास निघाला. धाकट्या बंधूंनी आधी दार आतून तपासले. पत्रा शाबूत होता, गंजाचा ठिपका नव्हता. त्यांनी तो पोचा तसाच ठेवला.

आम्हांस ह्या निर्णयात मोठा अर्थ दिसला. व्रण आणि गंज एक नव्हेत. पुनरुत्थित प्रभू शिष्यांपुढे प्रकट झाला तेव्हा त्याच्या हातांवर आणि कुशीत जखमा होत्या. ज्या पित्याने त्याला मरणातून उठविले त्याला त्या पुसून टाकणे अशक्य होते काय? तरी त्या राहिल्या, आणि ज्या संत थॉमसला आपण भारताचा प्रेषित म्हणतो त्याला त्याच जखमांवरून आपला प्रभू ओळखता आला. प्रेमापायी जे लागले ते वैभवातही राहते. पापाने जे खाल्ले ते मात्र राहत नाही. आपल्या बहुतेक घरांतून जेवणाच्या टेबलावर 'शेवटच्या भोजना'चे चित्र असते. मिलान येथील लिओनार्दोच्या त्या मूळ भित्तिचित्राची दुरुस्ती १९७८ ते १९९९ अशी एकवीस वर्षे चालली. पूर्वीच्या दुरुस्त्यांनी वर चढविलेले रंग काढून टाकण्यात आले. जेथे मूळ रंग कायमचा गेला होता तेथे नवे चेहरे रंगविले नाहीत. फिकट जलरंगाचा हात देऊन ती जागा शांत केली, म्हणजे पाहणाऱ्याला मूळ कोणते आणि भर कोणती हे ओळखता यावे. पुट्टीच्या नेमके उलट असे हे काम आहे.

गरिबांचा वाटा

आता त्या माउलीचा प्रश्न. तो टाळून पुढे जाता येणार नाही.

बेथनीच्या भोजनात मरियेने प्रभूच्या चरणांवर अतिशय मोलाचे सुगंधी तेल ओतले, तेव्हा हे तेल विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत असा आक्षेप घेण्यात आला. आक्षेप यहूदाचा होता आणि त्याचा हेतू शुद्ध नव्हता, असे संत योहान सांगतात. प्रभूने मरियेची बाजू घेतली. ह्या प्रसंगाचा आधार घेऊन पुष्कळ लोक आपल्या प्रत्येक हौसेला सुगंधी तेल ठरवितात. परंतु मरियेने ते तेल स्वतःला लावले नव्हते, ही गोष्ट ते विसरतात.

दुसरे उदाहरण आपल्याच शहरातील आहे. २ डिसेंबर १९६४ रोजी पोप सहावे पौल आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक परिषदेसाठी मुंबईस आले. पोपनी भारतात येऊन यात्रा करण्याचा तो पहिलाच योग. त्यांच्यासाठी अमेरिकेहून पांढरी लिंकन गाडी भेट आली होती. उघड्या गाडीत उभे राहून लाखो लोकांना आशीर्वाद देणारे पोप आमच्या आधीच्या पिढीने डोळे भरून पाहिले. ५ डिसेंबरला निघताना त्यांनी ती गाडी मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरनी तिच्यात बसून एकही फेरी मारली नाही. त्यांनी तिची सोडत काढली आणि आलेला पैसा आसनसोलजवळच्या शांतीनगर ह्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीसाठी लावला. दाता आणि स्वीकारणारी, दोघांनाही पुढे ख्रिस्तसभेने संत म्हणून घोषित केले: मदरना २०१६ मध्ये, पोप पौल ह्यांना २०१८ मध्ये.

मग निष्कर्ष काय? प्रत्येक जुनी गाडी विकूनच टाकावी? आम्हांस तसे वाटत नाही. जुनी वस्तू उभी करण्यात जो पैसा जातो त्याचा मोठा भाग हाताच्या कामाला जातो: पत्रा ठोकणाऱ्याला, कॅनव्हास शिवणाऱ्याला, इंजिन खोलणाऱ्या मिस्त्रीला. ह्या कारागिरांची मुले आता त्या कामात येत नाहीत. पोप दुसरे जॉन पौल ह्यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात श्रमाचे मोल श्रम करणाऱ्या माणसावरून ठरते असे शिकविले. आणि पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ मध्ये वस्तू आणि माणसे दोन्ही फेकून देणाऱ्या वृत्तीविरुद्ध आपल्याला सावध केले. दुरुस्त करण्याची सवय गेली की टाकून देण्याची सवय लागते, आणि ती भंगारापाशी थांबत नाही. म्हाताऱ्या माणसांपर्यंत ती पोहोचते, हे आम्ही घरोघरी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यास जातो तेव्हा पाहतो.

तेव्हा कसोटी वस्तूत नसून मनात आहे. ती कसोटी संत इग्नेशियस लोयोला ह्यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथात दिली आहे. तिघा माणसांना दहा हजार दुकात, म्हणजे सोन्याची नाणी, मिळालेली आहेत. पैसा कायदेशीर आहे, परंतु मन त्यात गुंतले आहे. पहिला म्हणतो, ही आसक्ती सोडली पाहिजे, आणि मरेपर्यंत काहीच करीत नाही. दुसराही म्हणतो, आसक्ती सोडीन, पण पैसा राहू दे. म्हणजे देवानेच त्याच्या इच्छेकडे यावे. तिसरा ठेवावयासही तयार असतो आणि सोडावयासही. देवाच्या सेवेला काय अधिक उपयोगी तेवढेच तो पाहतो. गाडी गॅरेजमध्ये असण्यास तिसऱ्याची हरकत नाही. गाडीने त्याला गॅरेजमध्ये ठेवून घेतले तर मात्र हरकत आहे.

आम्ही हेच त्या दांपत्याला सांगितले आणि निर्णय त्यांच्यावर सोपविला. गेल्या जूनमध्ये एका गरजू मुलीची नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची फी भरली गेली, आणि गाडीच्या छपराचे काम पुढे ढकलले गेले. टोपोलिनो सध्या छपराविना, जुन्या चादरीखाली उभी आहे. ह्यात पतीचाही विजय झाला नाही आणि पत्नीचाही नाही. घर असेच चालते.

सहीचा कागद

एक बाब मात्र पैशाने सुटणारी नव्हती. गाडी अजून वडिलांच्या नावावर होती. मालक निवर्तल्यावर वाहन वारसाच्या नावे करण्यासाठी जो अर्ज करावा लागतो, त्यासोबत इतर वारसांची हरकत नसल्याचे लेखी द्यावे लागते. म्हणजे थोरल्या बंधूंची सही हवी. पत्रा कितीही उत्तम जोडला आणि इंजिन कितीही गोड चालले, तरी भावाच्या सहीवाचून ती गाडी रस्त्यावर आणता येणार नव्हती. देणगी वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावयास जा, असे प्रभूने सांगितले आहे, येथे आर.टी.ओ.नेही जवळजवळ तेच सांगितले.

धाकटे बंधू ठाण्यास गेले. जागेचा विषय निघाला, आवाज चढले, ते परत आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी सहीचा कागद नेला नाही. पुढे एका रविवारी थोरले स्वतःच शीवला आले. गॅरेजमध्ये उभे राहून त्यांनी डाव्या दारावरच्या पोचावरून हात फिरविला. त्या रात्री वडिलांबरोबर गाडीत तेच होते, कंदील हातात धरून. धाकट्यांना हे ठाऊक नव्हते. सही झाली आहे. जागेचा वाद अजून मिटलेला नाही. परंतु तो आता दोन भावांत आहे, पूर्वी दोन वकिलांत होता.

इंग्रजीत उघडझाप करता येणाऱ्या छपराच्या गाडीला 'कन्व्हर्टिबल' म्हणतात. मनपरिवर्तनासाठी त्या भाषेत जो शब्द आहे त्याचे लॅटिन मूळ हेच: वळणे, फिरणे. छप्पर वळते तसे मनही वळू शकते, फक्त बिजागऱ्या गंजलेल्या नसाव्यात.

सारेच जपता येते असा ह्याचा अर्थ नाही. शीव स्थानकाजवळचा १९१२ सालचा उड्डाणपूल धोकादायक ठरला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो वाहनांसाठी बंद करून पाडून नव्याने बांधावयास घेण्यात आला. ते योग्यच झाले. जेथे माणसांचा जीव टांगणीला लागतो तेथे जपण्याचा हट्ट हे पाप ठरेल. ज्या इमारतीमागे ते गॅरेज आहे तीही पुनर्विकासात जाणार आहे. मग गाडी कोठे जाईल हे आज कोणी सांगू शकत नाही. २०१४ मध्ये बेथलेहेम येथे पोप फ्रान्सिस ज्या उघड्या गाडीतून लोकांत फिरले, ती गाडी गाझातील मुलांसाठी फिरता दवाखाना म्हणून सज्ज करण्यात येत असल्याचे मे २०२५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, जाहीर झाले. डॉक्टरांच्या त्या छोट्या गाडीलाही आपल्या मूळ कामाकडे नेणारी एखादी वाट सापडावी, अशी आम्ही प्रार्थना करतो.

वाचकहो, आपल्यापैकी थोड्यांच्याच घरी जुनी मोटार असेल. परंतु माळ्यावर, कपाटात, किंवा न बोललेल्या शब्दांत गंजत पडलेले असे काही ना काही प्रत्येक घरी आहे. ते उघडण्याचे धैर्य असू द्यावे. पुट्टीचा डबा बाजूला ठेवावा, गंज लागला आहे तेथे चांगले लोखंड लागेपर्यंत कापावे, आणि प्रेमापायी पडलेला पोचा मात्र सपाट करू नये. उभे केलेले हातात घट्ट धरून ठेवू नये, कारण ते आपल्याकडे केवळ सांभाळण्यासाठी आले आहे. आणि ज्याची सही हवी आहे त्याच्याकडे पहिल्या खेपेस कागद न नेता जावे.